मायक्रोवेव्हला कोणते भांडे चालते? दुकानदाराने ‘चालेल’ म्हणण्यापूर्वी

भांड्यांच्या दुकानात आलेले गिऱ्हाईक आता भाव विचारण्याआधी एक प्रश्न हमखास विचारते : “हे मायक्रोवेव्हला चालेल का?” गल्ल्यावरून उत्तर येते : “चालेल, घेऊन जा.” एवढ्या एका शब्दावर सौदा पुरा होतो. पुढे ते भांडे ओव्हनमध्ये तडकले, त्यातून ठिणग्या उडाल्या किंवा उकळते सालन कोणाच्या हातावर सांडले, तर गिऱ्हाईक कारखान्याचे नाव आठवीत बसत नाही. त्याला ते दुकान आठवते, आणि ‘चालेल’ हा शब्द आठवतो.

आमच्या वाचकांत काचसामान व चिनी मातीचे व्यापारी आहेत, तांब्यापितळेचे कारागीर व कलईवाले आहेत, प्लॅस्टिकचे डबे विकणारे आहेत, खानावळी व बेकऱ्या चालविणारे आहेत आणि विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करणारे मेकॅनिकही आहेत. या यंत्राशी त्या सर्वांचा संबंध येतो. यास्तव हे यंत्र कसे चालते, कोणते भांडे त्याला मानवते, कोणते मानवत नाही आणि का, हे आम्ही येथे क्रमाने मांडीत आहोत. ‘का’ समजले की यादी पाठ करावी लागत नाही.

यंत्र चालते कसे?

दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाची नळी वापरात आली. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर हे या नळीवर काम करीत असता त्यांच्या खिशातील चॉकलेट वितळले, असे सांगतात. १९४५ साली त्यांनी या शोधाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पहिली यंत्रे माणसाएवढी उंच व ३०० किलोहून अधिक वजनाची होती. घरच्या ओट्यावर मावेल असा अमाना कंपनीचा ओव्हन अमेरिकेत १९६७ साली आला.

चुलीवर आधी भांडे तापते आणि मग भांड्यामुळे अन्न तापते. येथे तसे नाही. मॅग्नेट्रॉनमधून निघणाऱ्या लहरी सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या असतात व सेकंदाला २४५ कोटी आवर्तने करतात. अन्नातील पाण्याचे कण त्यांच्याबरोबर हेलकावे खातात आणि त्या घुसळणीतून उष्णता निर्माण होते. म्हणजे अन्न स्वतःच तापते आणि भांडे तापते ते अन्नामुळे. लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. त्यापुढचा भाग बाहेरच्या उष्णतेने हळूहळू तापतो. ‘मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो’ हा समज त्यामुळे खोटा आहे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. या लहरी रेडिओच्या लहरींच्याच जातीच्या आहेत. त्यांनी अन्न किरणोत्सर्गी होत नाही. दिवा मालवला की जसा उजेड उरत नाही, तशा यंत्र थांबले की लहरीही उरत नाहीत.

आता भांड्यांकडे वळू. लहरींपुढे कोणतेही भांडे तीनपैकी एका प्रकारे वागते. ते लहरींना आरपार जाऊ देते, परतवून लावते किंवा शोषून घेते. जाऊ देणारे भांडे चांगले. परतवणारे आणि शोषणारे, दोन्ही चालत नाहीत. सगळे शास्त्र एवढ्यात आले.

परतवणारी भांडी : धातू

तांबे, पितळ, स्टेनलेस स्टील, लोखंड आणि बाजारात ज्याला जर्मन म्हणतात ते अॅल्युमिनिअम, हे सर्व लहरी परतवतात. ओव्हनच्या आतील भिंती धातूच्या असतात त्या याच कारणाने, म्हणजे लहरी आतच राहाव्यात म्हणून. स्टीलच्या डब्यात ठेवलेल्या अन्नापर्यंत लहरी नीट पोचत नाहीत. त्या उलटून मॅग्नेट्रॉनकडे जातात व त्याचे आयुष्य घटवतात. ओव्हन रिकामा चालवला तरी हेच नुकसान होते.

ठिणग्यांचे कारण मात्र वेगळे आहे. धातूला टोक, पातळ कड किंवा चुरगळलेली घडी असेल तर तेथे विजेचा दाब एकवटतो आणि ठिणगी उडते. म्हणून काटा-चमचा, अॅल्युमिनिअमची फॉइल, पार्सलच्या पिशवीला मारलेली स्टेपलची पिन, हे सगळे धोक्याचे. मिठाईवरचा चांदीचा वर्खही धातूच आहे. वर्ख लावलेली बर्फी गरम करायला ठेवली तर ठिणग्या उडू शकतात.

गिऱ्हाईक सर्वांत जास्त फसते ते सोनेरी काठाच्या डिनर सेटमध्ये. लग्नात आहेर म्हणून असे सेट पुष्कळ खपतात. वरून ते चिनी मातीचे दिसतात, परंतु काठावरची ती बारीक सोनेरी वा रुपेरी कोर धातूची असते. ओव्हनमध्ये ती कोर जळते, काळी पडते आणि कधी बशीही तडकते. आहेर म्हणून सेट देताना दुकानदाराने दोन शब्द सांगितले तर नव्या संसारातील पहिले भांडण टळेल.

तांब्यापितळेच्या कारागिरांनी यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कलई केलेल्या देगचीत मंद आचेवर जे सालन होते, ते मायक्रोवेव्हमध्ये होत नाही. दोघांची कामे वेगळी आहेत. हॉटेलांत बाहेरून तांब्याची व आतून स्टीलची छोटी हंडी वाढण्यासाठी वापरतात. नवखा पोऱ्या ती हंडी तशीच ओव्हनमध्ये सरकवतो. म्हणून अशा मालावर कारागिराने अथवा व्यापाऱ्याने एक चिठ्ठी लावावी : ‘वाढण्यासाठी. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये.’ काचेच्या वाडग्याला धातूचे स्टँड असेल तर ते काढून ठेवायला सांगावे.

शोषणारी भांडी : मेलामाईन व कच्ची माती

मेलामाईनच्या ताटल्या-वाट्या हलक्या, रंगीत व पडल्या तरी न फुटणाऱ्या असतात, त्यामुळे खानावळींत त्यांना मोठी मागणी आहे. दिसायला त्या चिनी मातीसारख्या, परंतु आहेत प्लॅस्टिकच्याच. मेलामाईन व फॉर्माल्डिहाइड या दोन रसायनांपासून त्या बनतात. त्या लहरी शोषतात, स्वतः तापतात, पुढे तडे जातात. शिवाय कढत व आंबट पदार्थात त्यांतील रसायन अधिक उतरते. म्हणून मेलामाईन ताटात वाढण्यापुरते ठीक, ओव्हनमध्ये मुळीच नको. ओळखायचे कसे? नखाने टिचकी मारावी. चिनी माती खणकन वाजते, मेलामाईनचा आवाज बद्द येतो.

झिलई नसलेले मातीचे भांडे पाणी पिते. ओव्हनमध्ये ते मुरलेले पाणीच तापते, भांडे हाताला चटका देते आणि कधी फुटते. चिनी मातीच्या कपाची झिलई तडकली असेल, तर त्या भेगेतून पाणी शिरून हाच प्रकार होतो. ‘कपाचा कान कढत आणि चहा कोमट’ अशी तक्रार आली तर कारण येथे शोधावे. झिलईत शिसे असण्याचाही धोका असतो. भडक रंगाची, कोणी बनवली याचा पत्ता नसलेली भांडी शोभेसाठी विकावीत. चिंच, दही किंवा टोमॅटोच्या आंबट पदार्थासाठी विकू नयेत.

जाऊ देणारी भांडी : काच व चिनी माती

धातूची नक्षी नसलेली, आतबाहेर पक्की झिलई केलेली चिनी माती या कामाला उत्तम. काचेत मात्र दोन जाती आहेत. साधी काच तापली की बरीच प्रसरण पावते. बोरोसिलिकेट काच तिच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून गरम-थंडाचा धक्का ती अधिक सोसते. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने अशी भांडी ‘पायरेक्स’ नावाने १९१५ साली बाजारात आणली. आपल्याकडे १९६२ साली मुंबईत स्थापन झालेल्या बोरोसिल कंपनीचे नाव या काचेशी जोडले गेले.

‘काच जाड आहे, चालेल’ असे काही दुकानदार सांगतात. हे अगदी उलट आहे. साधी काच जितकी जाड, तितका तिच्या आतल्या व बाहेरच्या तापमानात फरक पडतो, आणि त्या ताणाने ती फुटते. बोरोसिलिकेट काचही अजिंक्य नाही. फ्रीजमधून काढून लगेच ओव्हनमध्ये, किंवा ओव्हनमधून काढून ओल्या ओट्यावर, असे केल्यास तीही तडकते. कोरड्या फडक्यावर किंवा लाकडी पाटावर ठेवावी. काठाला टवका गेलेले भांडे बाजूला काढावे.

प्लॅस्टिक : आकडा पाहा, पण आकड्यावर थांबू नका

प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते सुमारे १६० अंशांना वितळते, म्हणून मायक्रोवेव्हचे डबे बहुधा याचेच असतात. १ आकड्याचे, म्हणजे पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक आणि ६ आकड्याचे, ज्यापासून थर्माकोल बनते ते प्लॅस्टिक, ही दोन्ही गरम करण्यासाठी नाहीत. आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो, उष्णतेची हमी देत नाही. उत्पादकाने डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ असे स्वतः छापलेले असेल, तरच तसे सांगावे.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते व त्यापुढे फारसे तापत नाही. तेल, तूप व साखरेचा पाक त्याहून पुष्कळ तापतात. खिम्याची तर्री जेथे डब्याला लागते, तेथेच डबा वितळून खरबरीत होतो. तेलकट व गोड पदार्थ काचेतच गरम करावेत. आइस्क्रीमचे किंवा श्रीखंडाचे रिकामे डबे थंड पदार्थासाठी बनलेले असतात, ते ओव्हनमध्ये नकोत. वर्तमानपत्राचा कागद तर नकोच. तो पेट घेऊ शकतो व त्याची शाई अन्नात उतरते. अन्न वर्तमानपत्रात बांधण्यास २०१८ च्या केंद्रीय पॅकेजिंग नियमांनीही मनाई केली आहे.

एका मिनिटाची परीक्षा

बिनधातूच्या भांड्याची परीक्षा दुकानातही घेता येते. भांडे रिकामे ठेवावे, शेजारी कपभर पाणी ठेवावे व पूर्ण शक्तीवर एक मिनिट ओव्हन चालवावा. पाणी गरम आणि भांडे गार राहिले, तर भांडे लहरी शोषत नाही. भांडे जरासे कोमट झाले, तर थोडा वेळ गरम करण्यापुरते चालेल. भांडे तापले, तर नको. पाण्याचा कप विसरू नये, नाहीतर यंत्र रिकामे चालल्यासारखे होते. धातूच्या व सोनेरी काठाच्या भांड्यावर ही परीक्षा करू नये. ही परीक्षा शोषण सांगते. प्लॅस्टिकमधून रसायन उतरते का, हे सांगत नाही.

एक पेटी, दोन कामे

घोटाळा वाढतो तो कन्व्हेक्शन ओव्हनमुळे. एकाच पेटीत मायक्रोवेव्हही असतो आणि गरम हवेची भट्टीही असते. कन्व्हेक्शनवर केक किंवा नानकटाई भाजताना पेटी २०० अंशांपर्यंत तापते. तेथे पत्र्याचा साचा चालतो व प्लॅस्टिक वितळते. बटण मायक्रोवेव्हवर फिरवले की नियम उलटतो : प्लॅस्टिक चालेल, पत्रा नाही. दोन्ही एकत्र चालत असतील तर यंत्रासोबतच्या पुस्तिकेत काय म्हटले आहे ते पाहिल्याशिवाय धातू ठेवू नये. बोरोसिलिकेट काच दोन्हीकडे चालते. म्हणून गिऱ्हाईकाने प्रश्न विचारला की दुकानदाराने उलट विचारावे : “मायक्रोवेव्हवर की कन्व्हेक्शनवर?”

खानावळ व घरच्या वापरासाठी

पाणी : स्वच्छ, गुळगुळीत कपात पाणी जास्त वेळ तापवले तर ते बुडबुडे न येता उकळबिंदूच्या पुढे जाते. त्यात चहाची पूड टाकताच किंवा कप हलवताच ते एकदम उसळून तोंडावर येते. पाण्यात आधीच लाकडी चमचा ठेवावा व कप बाहेर काढण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबावे.

अंडे : कवचासह अंडे फुटते हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु सोललेले उकडलेले अंडेही फुटते, आणि कधी ओव्हनमधून काढून दात लावताना फुटते. बिर्याणीतील अंडे आधी अर्धे कापावे. कलेजीचे तुकडेही टणाटण उडतात, त्यांवर सैल झाकण ठेवावे. डब्याचे झाकण कधीही घट्ट लावू नये.

बाळाचे दूध : बाटली बाहेरून कोमट लागते आणि मधले दूध जीभ पोळेल इतके कढत असते. बाटली गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून दूध कोमट करणे हाच चांगला मार्ग.

भात व बिर्याणी : लहरी सर्वत्र सारख्या पडत नाहीत. एका घासाला वाफ येते आणि दुसरा थंड असतो. थंड भागात जंतू जिवंत राहतात. म्हणून अन्न पसरट भांड्यात ठेवावे, मध्येच ढवळावे आणि शेवटी दोन-तीन मिनिटे झाकून ठेवावे. आतपर्यंत निदान ७० अंश तापमान गेले पाहिजे. भातात बॅसिलस सिरियस या जंतूचे बीज शिजवल्यावरही टिकते. बिर्याणी तासनतास बाहेर राहिली तर तो जंतू वाढतो आणि त्याचे एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. उरलेली बिर्याणी दोन तासांच्या आत पसरट ताटांतून फ्रीजमध्ये गेली पाहिजे. तिचे रक्षण फ्रीज करतो. ओव्हन फक्त गरम करतो.

वीज व आग : ८०० वॅटचा ओव्हन भिंतीतून साधारण १२०० ते १३०० वॅट वीज ओढतो. त्याला अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा प्लग हवा. फ्रीजच्या प्लगावर जोड देऊ नये. आत काही पेटले तर दार उघडू नये. बटण बंद करावे, प्लग काढावा, आग आपोआप विझते. दार वाकले असेल किंवा नीट बसत नसेल तर ओव्हन वापरू नये.

दुरुस्ती व भंगारवाल्यांना इशारा

टी.व्ही. किंवा मिक्सर दुरुस्त करणाऱ्या कारागिराने मायक्रोवेव्हला त्यांतलाच एक समजू नये. यातील ट्रान्सफॉर्मर सुमारे २००० व्होल्ट देतो, मॅग्नेट्रॉनला त्याच्या दुप्पट दाब मिळतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. अशा धक्क्याने माणसे दगावली आहेत. शिकलेल्या माणसाच्या हाताखाली काम केल्याशिवाय झाकण उघडू नये. दार उघडताच यंत्र बंद करणारे स्विच जोडून टाकून ‘काम भागवून’ देणे हा तर गिऱ्हाईकाच्या जिवाशी खेळ आहे. भंगारात आलेला मॅग्नेट्रॉन फोडू नये. काहींच्या आतील पांढऱ्या भागात बेरिलियमचे संयुग असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

कायदा काय म्हणतो?

२०१२ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने मायक्रोवेव्ह ओव्हनला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची झाली. ओव्हनवर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहूनच माल भरावा.

भांड्यांच्या व्यापाऱ्याला त्याहून जवळचा कायदा म्हणजे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यातील कलम ८६ मध्ये विक्रेत्याची जबाबदारी सांगितली आहे. उत्पादकाने न दिलेली हमी विक्रेत्याने स्वतः दिली, माल त्या हमीला उतरला नाही आणि त्यामुळे इजा झाली, तर विक्रेता जबाबदार. माल कोणी बनवला हे कळत नसेल, तर विक्रेता जबाबदार. उत्पादकाने दिलेला धोक्याचा इशारा किंवा वापराची सूचना विक्रेत्याने गिऱ्हाईकाला सांगितली नाही आणि त्यामुळेच इजा झाली, तरीही विक्रेता जबाबदार. ‘चालेल’ हा गल्ल्यावरचा शब्द या कलमात बसू शकतो, हे बंधूंनी ओळखावे.

आजच करण्याजोगे

आमची सूचना खर्चाची नाही. दुकानातील मालाचे तीन भाग करावेत. पहिल्या फळीवर, उत्पादकाने ‘मायक्रोवेव्ह सेफ’ छापलेली काच, चिनी माती व प्लॅस्टिक. दुसऱ्या फळीवर, फक्त वाढण्यासाठीची भांडी : तांबे, पितळ, स्टील, मेलामाईन, सोनेरी काठाचे सेट. तिसऱ्या फळीवर ज्याची खात्री नाही तो माल. त्या मालाबद्दल “मला खात्री नाही, ओव्हनमध्ये ठेवू नका” असे सरळ सांगावे. गल्ल्यावर बसणाऱ्या मुलालाही हेच शिकवावे, कारण बहुतेक वेळा उत्तर तोच देतो.

असे सांगितल्याने एखादा सौदा हातचा जाईल. पण ज्या दुकानात ‘नको’ हाही शब्द ऐकू येतो, तेथल्या ‘चालेल’ला किंमत राहते, आणि पुढच्या वेळी गिऱ्हाईक तेथेच येते.